‘धम्म’ : बिघडलेला की घडलेला?
पाली वर्णसमीकरण आणि ‘कृत्रिम भाषे’चा वाद

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी येथे वर्षावासाच्या काळात आम्ही पालीचा प्राथमिक वर्ग घेत होतो. (बीड आणि वर्धा जिल्ह्यांतही आष्टी नावाची गावे आहेत, ही आष्टी त्यांहून निराळी.) वंदना संपल्यावर एका वयोवृद्ध उपासिकेने प्रश्न विचारला : “सर, आधी धर्म का आधी धम्म? नातवाच्या मास्तरनं सांगितलं, धम्म म्हंजी धर्माचं बिघडल्यालं.” वर्गातील एका तरुणाने आमच्याआधीच उत्तर दिले की खरे उलट आहे, पाली ही मूळ भाषा असून तिच्यापासूनच संस्कृत बनवली गेली. त्यावर टाळ्या पडल्या. आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि ती का चुकीची आहेत हे सांगण्यास अर्धा तास पुरला नसता. प्रस्तुत लेख हा त्या राहिलेल्या उत्तराचा विस्तार होय.

‘बिघडलेले’ हा शब्द प्रथम घेऊ. ‘धर्म’चे ‘धम्म’, ‘कर्म’चे ‘कम्म’, ‘सप्त’चे ‘सत्त’, ‘अग्नि’चे ‘अग्गि’ अशा जोड्या दाखवून पाली शिकविण्याची रीत आपल्या पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. शिकविण्यास ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्याच्या मनात तिच्यामुळे एक चित्र कायमचे ठसते : डावीकडे शुद्ध, उजवीकडे अशुद्ध. वस्तुतः या जोड्यांमागे जी प्रक्रिया आहे तिला भाषाशास्त्रात समीकरण म्हणतात. शेजारी आलेल्या दोन भिन्न व्यंजनांपैकी एक दुसऱ्यासारखे होते, एवढाच तिचा अर्थ. ‘सप्त’ म्हणताना ‘प’साठी ओठ मिटतात, पण ते सुटण्यापूर्वीच जीभ ‘त’साठी दातांना जाऊन भिडलेली असते, ‘प’चा स्फोट ऐकणाऱ्याच्या कानी पडतच नाही. पिढ्या उलटतात आणि जे ऐकू येत नाही ते उच्चारलेही जात नाही. ‘प’ला लागणारा वेळ मात्र ‘त’कडे जातो, म्हणून ‘सत’ न होता ‘सत्त’ होते.

ही प्रक्रिया वाटेल तशी घडत नाही. दोन्ही व्यंजने तुल्यबळ असतील तर पहिले दुसऱ्यापुढे नमते : सप्त–सत्त, भक्त–भत्त, उत्पल–उप्पल. बळ असमान असेल तर दुर्बळ व्यंजन नमते, मग ते पुढे असो वा मागे. बळाचा क्रम सामान्यतः स्पर्श, ऊष्म, अनुनासिक आणि मग ल, व, य, र असा लागतो. ‘र’ सर्वांत दुर्बळ, म्हणून ‘मार्ग’चा ‘मग्ग’, ‘चक्र’चे ‘चक्क’ आणि ‘धर्म’चा ‘धम्म’. ऊष्म व्यंजन स्पर्शात मिसळले की आपला श्वास मागे ठेवून जाते, म्हणून ‘हस्त’चा ‘हत्थ’, ‘अष्ट’चे ‘अट्ठ’. गोदावरीच्या खोऱ्यातील वाचकांना याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी ब्राह्मणाचा आश्रम गोदावरीकाठी, अस्सकांच्या प्रदेशात सांगितला आहे. तो ‘अस्सक’ म्हणजे अश्मक. ऊष्मापुढे अनुनासिक नमले. त्याच प्रसंगी बावरीचे शिष्य ज्या नगरावरून उत्तरेकडे जातात ते ‘पतिट्ठान’ म्हणजे प्रतिष्ठान, आजचे पैठण. ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ होऊन त्याचा मराठीत ‘ठ’ राहिला.

(जाता जाता : ‘आष्टी’ या ग्रामनामातील ‘ष्ट’ पाहून ते ‘आठ’ या संख्येशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. अखंड लोकमुखातून आलेल्या शब्दात हा ‘ष्ट’ टिकला नसता, त्याचा ‘ठ’ झाला असता, जसा पैठणात झाला. ‘आठ’वरून आष्टी म्हणणाऱ्याने हा ‘ष्ट’ कोठून परत आला ते आधी दाखवावे.)

आता ज्यांना समीकरण हा बिघाड वाटतो त्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. ‘बुद्ध’ हा शब्द कसा सिद्ध होतो? ‘बुध्’ या धातूला ‘त’ प्रत्यय लागला. ‘बुध्त’ असे कोणी म्हणत नाही. धातूतील महाप्राण प्रत्ययाकडे गेला, प्रत्ययाचा ‘त’ घोष होऊन ‘ध’ झाला, मागे ‘द’ उरला. हे पूर्ण समीकरणच आहे, आणि ते संस्कृतात घडलेले आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात त्याची सूत्रे दिली आहेत. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’, जगत् आणि नाथ मिळून ‘जगन्नाथ’, उत् आणि लास मिळून ‘उल्लास’ हे तर शाळकरी मुलांना संधी म्हणून पाठ असते. तात्पर्य, तोच व्यापार पाणिनीने नोंदविला की व्याकरण ठरतो आणि मगधाच्या शेतकऱ्याच्या तोंडी आला की अपभ्रंश ठरतो. येथे मोजमाप ध्वनीचे होत नसून बोलणाऱ्याचे होत आहे.

शिवाय पाली ही आज आपण शिकतो त्या अभिजात संस्कृतापासून निघाली, हेही खरे नाही. संस्कृतात ‘इह’ आहे, पालीत ‘इध’. महाप्राण स्पर्शाचा पुढे नुसता ‘ह’ होतो, ‘ह’चा पुन्हा ‘ध’ होत नाही; म्हणजे या ठिकाणी पालीचे रूप अधिक जुने आहे. गाथांतून आढळणारे ‘-तवे’ हे हेत्वर्थक रूप वेदात आहे, अभिजात संस्कृतात नाही. वैदिक काळी अनेक बोली नांदत होत्या. त्यांतील एकीला पुढे व्याकरणाचे कुंपण मिळाले, इतर बोली लोकांबरोबर चालत राहिल्या, आणि पाली त्या चालत राहिलेल्यांच्या वंशातील आहे. प्राचीनांतही याविषयी एकमत नव्हते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने प्राकृताची प्रकृती संस्कृत मानली. त्याआधीच्या शतकातील नमिसाधूने मात्र व्याकरणाचा संस्कार न झालेली लोकांची सहज वाणी ती प्राकृत, असे म्हटले. आपल्या शाळांत पोहोचला तो हेमचंद्र.

येथवर आमचे तरुण मित्र आमच्याशी सहमत होतील. पुढच्या पायरीवर त्यांचा आमचा मतभेद आहे. ‘धम्म’ हा ध्वनीच ‘धर्मा’हून वेगळ्या अर्थाचा आहे, ‘र’ गेला तेथे ब्राह्मणी अर्थही गेला, अशा आशयाची विधाने आपल्या पुस्तिकांत आणि व्याख्यानांत वारंवार आढळतात. ती ऐकण्यास गोड आहेत, पण जुन्नरजवळच्या नाणेघाटात ती टिकत नाहीत. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा तेथील लेख प्राकृतात आहे. त्याच्या आरंभी ज्यांना नमन केले आहे त्यांत इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत आणि ‘धंम’ आहे. पुढे अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंची गणना आहे. म्हणजे वैदिक यज्ञ करणाऱ्या राजघराण्याच्या लेखातही ‘धम्म’च आहे, कारण त्या काळच्या महाराष्ट्राची बोलीच तशी होती. ‘अश्वमेध’सुद्धा तेथे ‘असमेध’ आहे. (जुन्या ब्राह्मी लेखनात द्वित्त लिहीत नसत, त्यामुळे वाचताना ते ‘अस्समेध’ धरावयाचे.) समीकरणाला पंथ नसतो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा आधार घेतलाच नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात धम्म आणि धर्म यांतील भेदासाठी त्यांनी स्वतंत्र खंड दिला आहे. तो भेद त्यांनी नीती, प्रज्ञा, करुणा, माणसामाणसांतील व्यवहार यांच्या आधारे मांडला; व्यंजनांच्या आधारे नव्हे. ज्यांनी पालीचे व्याकरण आणि कोश स्वतः रचण्याचे परिश्रम घेतले (हे साहित्य महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापले आहे), त्यांना ‘र’ कसा लोपतो हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? जो भेद विचाराने सिद्ध झालेला आहे त्याला कच्च्या भाषाशास्त्राचा टेकू देणे म्हणजे भिंत पक्की असताना तिला वाळवी लागलेला वासा लावणे होय.

आता तिसरा आक्षेप. हा शाळेतून येत नाही, विद्यापीठातून येतो, आणि म्हणून अधिक गंभीर आहे. जर्मन विद्वान ऑस्कर फॉन हिन्यूबर यांनी १९८२ साली एका निबंधात पालीला कृत्रिम भाषा म्हटले. पूर्वी विल्हेल्म गायगर यांनी १९१६च्या आपल्या व्याकरणात पाली ही मागधीच्या पायावर उभी राहिलेली, सुशिक्षितांच्या आंतरप्रांतीय व्यवहाराची भाषा मानली होती. फॉन हिन्यूबर त्याहून पुढे गेले. बुद्धवचन पूर्वेकडील बोलीतून पश्चिमेकडील बोलीत रूपांतरित झाले, त्यावर नंतर संस्कृताचे संस्कार झाले, आणि आज आपल्यापुढे असलेली पाली ही अशा रीतीने संपादकांच्या हाती घडली. कोणत्याही एका प्रदेशाची ती मातृभाषा नव्हती, असे त्यांचे म्हणणे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व प्राकृत यांच्याबरोबर पालीलाही अभिजात दर्जा मान्य केला. त्यानंतर हे मत ‘पाली ही खोटी, बनावट भाषा आहे’ अशा स्वरूपात आमच्या कानी अधिकच येऊ लागले आहे. ते नीट तपासणे अवश्य आहे.

पुरावा खोटा नाही. पूर्वेकडील मूळ बोलीच्या खुणा पालीत उरल्या आहेत : ‘भिक्खवे’ या संबोधनातील अन्त्य ‘ए’, ‘सेय्यथा’तील ‘से’. हाइनरिख ल्यूडर्स यांनी अशा खुणा चिकाटीने गोळा केल्या. उलट बाजूने, समीकरणाच्या नियमाने जी जोडाक्षरे उरू नयेत ती पालीत मधूनच डोके वर काढतात. ‘चत्वारः’चे नियमाप्रमाणे ‘चत्तारो’ झाले, ‘सत्त्व’चे ‘सत्त’ झाले. मग ‘कत्वा’, ‘सुत्वा’ यांतील ‘त्वा’ कसा वाचला? कोणीतरी तो परत बसविला, असे हे विद्वान म्हणतात. आम्हांस हे उदाहरण तितके निर्णायक वाटत नाही, कारण गिरनारच्या अशोकलेखात याच जागी ‘त्पा’ येतो आणि ‘चार’साठीही ‘चत्पारो’ येतो. पश्चिमेकडील बोलीत हे जोडाक्षर सर्वत्र ‘त्त’ झालेले नव्हते. परंतु ‘अत्रज’ या शब्दापुढे आमचाही इलाज चालत नाही. ‘आत्मज’ म्हणजे पुत्र; त्याचे नियमाने ‘अत्तज’ होते. कोणा लेखकाला ‘त्त’ दिसला, ‘त्त’ हा पुष्कळदा ‘त्र’पासून येतो हे त्याला माहीत होते, म्हणून त्याने मोठ्या विद्वत्तेने ‘अत्रज’ लिहिले. जो ‘र’ मुळात कधीच नव्हता तो परत आणला!

ही चूक आम्हांस परिचयाची आहे. वर्गात ‘पानी’ म्हणाला म्हणून हिणवला गेलेला मुलगा पुढे ‘मनात’ऐवजी ‘मणात’ लिहू लागतो. आपले जे मुळात बरोबर होते तेही तो भीतीपोटी दुरुस्त करतो. आम्ही स्वतः त्या मुलांपैकी आहोत. ‘पानी’च्या बाबतीत तर गंमत अशी की संस्कृत ‘पानीय’ आणि पाली ‘पानीय’ या दोहोंतही दन्त्य ‘न’च आहे, ‘ण’ नंतर महाराष्ट्री प्राकृताने आणला. हे ज्ञान आम्हांस पदव्युत्तर वर्गात झाले. तोवर फार उशीर झाला होता.

दुरुस्तीची सर्वांत मोठी किंमत एका महत्त्वाच्या शब्दाने मोजली आहे. तो शब्द ‘ब्राह्मण’. आरंभीचा ‘ब्र’ पालीच्या प्रकृतीला मानवणारा नाही. शब्दारंभी जोडाक्षर आले की तेथे एकच व्यंजन राहते, जसे ‘श्रमण’चे ‘समण’, ‘प्रज्ञा’चे ‘पञ्ञा’. अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत ‘बाभन’, ‘बंभन’ अशी रूपे आहेत. छापील तिपिटकात मात्र सर्वत्र ‘ब्राह्मण’. आता धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातील ३८८वी गाथा उघडावी. तीत तीन शब्दांची फोड आहे. ‘समण’ हा ‘सम’ आचरणाने, ‘पब्बजित’ हा मळ घालवून देण्याने, आणि ‘ब्राह्मण’ हा ‘बाहित’पणाने, म्हणजे पाप बाहेर टाकल्याने. संस्कृतात यांतील पहिली फोड जुळत नाही. तेथे ‘श्रमण’ श्रम करणारा आहे, ‘श्र’ गेल्यावाचून ‘सम’ ऐकूच येत नाही. तिसरी फोड तर खुद्द पालीतही अर्धीच जुळते, कारण ‘बाहित’ आणि ‘ब्राह्मण’ यांच्यामध्ये तो ‘र’ उभा आहे. ‘बाहण’, ‘बाम्हण’ असे काही रूप मूळ उच्चारात असल्याखेरीज हा श्लेष ऐकणाऱ्याच्या कानाला लागत नाही. जन्माने मिळालेले नाव आचरणाने मिळवावयास लावणारी ही गाथा; तिचा सारा जोर ज्या ध्वनिसाम्यावर होता तेथेच नंतरच्या लेखणीने ‘र’ घालून ठेवला. हे कोणी हेतुपुरस्सर केले असे आम्ही म्हणत नाही. हेतूचा पुरावा नाही, आणि प्रतिष्ठित शब्दाचे प्रतिष्ठित शुद्धलेखन करण्याची ओढ त्यास पुरेशी आहे. आष्टीच्या बाजारात मात्र कोणीही ‘बामन’च म्हणतो. छापील पालीपेक्षा तो त्या गाथेला जवळचा आहे.

तेव्हा फॉन हिन्यूबर यांचा पुरावा आम्ही स्वीकारतो. त्यांचा शब्द मराठीत जसाच्या तसा घेण्यास आमचा विरोध आहे. मराठीत कृत्रिम म्हणजे कृत्रिम दात, कृत्रिम फुले. त्यांना अभिप्रेत असलेली ‘घडविलेली’ ही छटा त्यातून हरवते आणि ‘नकली’ ही उरते. ज्ञानाची कोणती भाषा घडविलेली नाही? पाणिनीची संस्कृत घडविलेली आहे. आपली प्रमाण मराठीही व्याकरणे, पाठ्यपुस्तके आणि छापखाने यांनी घडविलेली आहे, ती जशीच्या तशी कोणत्याही आईच्या तोंडी नव्हती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बंधू बुद्धवचन छंदस् मध्ये घालण्याची अनुज्ञा मागतात आणि तथागत ती नाकारतात. ‘सकाय निरुत्तिया’ या शब्दांचा अर्थ बुद्धघोषांनी मागधी असा घेतला, आधुनिकांपैकी बहुतेक ज्याची त्याची बोली असा घेतात. पण छंदस् ला दिलेला नकार दोन्ही अर्थांत कायम राहतो. पालीवरील संस्कृताचे थर हे त्या नकारानंतर शतकांनी चढलेले आहेत, एवढे त्या सिद्धान्तातून निघते. हे थर ओळखणे आपले काम आहे, आणि समीकरणाचे नियम हेच त्यासाठी आपले हत्यार आहे. ते नियम न शिकविता नुसते पाठांतर करून घेणारे वर्ग, मग ते विहारातील असोत वा विद्यापीठातील, आम्हांस अपुरे वाटतात.

समीकरणाने सारा लाभच झाला असे मात्र कोणी समजू नये. ‘सप्त’, ‘सत्त्व’, ‘सक्त’ या तिन्हींचे पालीत ‘सत्त’ होते. त्यामुळे ‘बोधिसत्त’ म्हणजे बोधीकडे जाणारा जीव की बोधीत आसक्त झालेला, हा प्रश्न खरोखर उभा राहतो. ‘बोधिसत्त्व’ हे संस्कृत रूप त्यांतील एका अर्थाची निवड आहे. तसेच ‘सुत्त’. त्याचे संस्कृत ‘सूत्र’ केले गेले. पण लांबलचक, पुनरुक्तींनी भरलेल्या संवादाला सूत्र का म्हणावे? ‘सूक्त’, म्हणजे सुभाषित, याचेही ‘सुत्त’च होते, आणि काही आधुनिक विद्वानांना तेच मूळ वाटते. आम्हांसही ते अधिक पटते.

आता राहिला त्या उपासिकेचा प्रश्न. मराठीत ‘कम्म’चे ‘काम’ झाले, ‘सत्त’चे ‘सात’, ‘हत्थ’चा ‘हात’, ‘सप्प’चा ‘साप’, ‘सच्च’चे जुन्या मराठीत ‘साच’. द्वित्तातील एक व्यंजन गळाले आणि भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ झाला. या न्यायाने ‘धम्म’चे ‘धाम’ व्हावयास हवे होते. ‘धाम’ मराठीत आहे, पण तो संस्कृतातून आलेला, निराळ्या अर्थाचा शब्द आहे. ‘धरम’ आहे, तो ‘र’नंतर स्वर घालून सुटा केलेला, पालीतही ‘अरिय’, ‘सुरिय’ असेच सुटे झाले. वारशाने आलेला ‘धम्म’ मराठीत कोठेही उरला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तो लक्षावधींच्या तोंडी आला तो पालीतून जाणूनबुजून उचललेला शब्द म्हणून. व्याकरणाच्या परिभाषेत तो तत्सम आहे, मात्र पालीचा तत्सम. तो आपल्याकडे बिघडून आला नाही, कारण तो आपोआप आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही फळ्यावर ‘काम’, ‘करम’, ‘कर्म’ हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि यांतला आजीच्या आजीचा कोणता, असे विचारले. त्या उपासिकेने ‘काम’वर बोट ठेवले. मग ‘धर्म’ आणि ‘धरम’ लिहून तिसरी जागा रिकामी ठेवली, ती तिने भरली. वर्गासाठी छापावयाच्या गाथासंग्रहात ३८८व्या गाथेतील ‘ब्राह्मण’ हा परंपरागत पाठ आम्ही बदललेला नाही. पाठ बदलण्याचा अधिकार आमचा नाही. समासात मात्र बारीक अक्षरांत ‘बाभन, बामन’ असे लिहिले आहे, आणि ‘सरणं’ या ठिकाणी छापखान्याने सवयीने ‘शरणं’ जुळविले होते ते दुसऱ्यांदा दुरुस्तीला पाठविले आहे.